बिंदू चौकातला पुतळा आणि समाजशास्त्राची सोसायटी

डिसेंबर १९५० मध्ये कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते, केंद्रात कायदामंत्री होते. भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने हे झाले. त्या चौकातून रोज जाणाऱ्या आम्हा कोल्हापूरकरांना याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा.

पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, दोन गोष्टी घडल्या. सप्टेंबरात हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आणि मुंबईत डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या पुढाकाराने इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली. पहिली घटना आपल्याला तोंडपाठ आहे. दुसरी आपल्यातल्या समाजशास्त्रात एम.ए. केलेल्यांनाही एका मार्काच्या प्रश्नापलीकडे माहीत नसते. आमच्या मते ही दुसरी घटना आपण नीट वाचलेली नाही आणि त्याची किंमत आपली पोरे आजही मोजत आहेत.

निमित्त साधे आहे. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात येणाऱ्या एका मुलीने विचारले, "दादा, या परिषदेचे सदस्य व्हायचे का? आजीव सदस्यत्वाला बरेच पैसे पडतात. घरी काय सांगू, कशासाठी भरले म्हणून?" तिचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. त्यावर वर्गातल्या एकाने लगेच उत्तर दिले, "त्यांच्या संघटनेत कशाला जायचे? आपली काढू." टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर तिने पुन्हा विचारले, "आपली कधी काढणार?" यावर कोणी काही बोलले नाही. आम्हीही नाही.

त्या न दिलेल्या उत्तरासाठी हा लेख.

आधी हकिकत. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला, पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस. संस्कृतचे एम.ए. असलेले घुर्ये केंब्रिजला जाऊन आले आणि १९२४ मध्ये त्या विभागात रुजू झाले. १९२४ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी, त्याच मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. एक माणूस विद्यापीठात विषय उभा करत होता, दुसरा परळमध्ये माणूस उभा करत होता. दोघांच्याही अभ्यासाच्या केंद्रस्थानी जात होती.

आणि जातीवर आधी कोणी लिहिले होते? बाबासाहेबांनी. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातीच्या उगमावरचा आणि यंत्रणेवरचा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. म्हणजे मुंबईत समाजशास्त्राचा विभाग सुरू होण्याच्या आधी. जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात आहे, बाईच्या देहावरच्या नियंत्रणातून जातीची भिंत उभी राहते आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्या नियंत्रणाची साधने आहेत, ही मांडणी २५ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने केली. घुर्येंचे 'कास्ट अँड रेस इन इंडिया' आले १९३२ मध्ये. त्यात त्यांनी जातीची सहा वैशिष्ट्ये सांगितली. ती वैशिष्ट्ये भारतातला समाजशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी आज पाठ करतो. आम्हीही केली. परीक्षेत सहाच्या सहा लिहिली की पैकीच्या पैकी गुण.

आता एक प्रश्न स्वतःला विचारा. सहा वैशिष्ट्ये पाठ्यपुस्तकात गेली आणि १९१६ चा निबंध गेला नाही, हे कसे घडले? "ब्राह्मणी कारस्थान" हे उत्तर आपल्या तोंडात तयार असते. ते अगदी खोटे नाही, पण त्यावर थांबले की आपण विचार करायचे थांबतो. कारस्थानाला रात्रीच्या गुप्त बैठका लागतात. इथे तसे काही लागले नाही. लागल्या त्या तीन-चार कंटाळवाण्या गोष्टी: एक नोंदणीकृत संस्था, सदस्यांची यादी, वर्षाला दोन अंकांचे एक नियतकालिक आणि शिक्षकांच्या जागांवर बसलेले विद्यार्थी.

सोसायटी १९५१ मध्ये झाली आणि १९५२ मध्ये 'सोशिऑलॉजिकल बुलेटिन'चा पहिला अंक आला. घुर्ये सुमारे १५ वर्षे अध्यक्ष राहिले. या काळात त्यांच्या हाताखाली संशोधन केलेली मंडळी देशभर पसरली. एम. एन. श्रीनिवास बडोद्याला गेले, तिथून दिल्लीला. आय. पी. देसाई बडोद्याला. अक्षयकुमार रमणलाल देसाई मुंबईतच. इरावती कर्वे त्याही आधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. घुर्येंच्या मार्गदर्शनाखाली ८० च्या आसपास जणांनी संशोधन केले असे सांगतात. त्या काळात, विषयच नवा असताना, हा आकडा केवढा मोठा आहे याचा विचार करा. या ८० जणांपैकी कित्येक जण कुठे ना कुठे विभागप्रमुख झाले, अभ्यास मंडळावर गेले, प्रश्नपत्रिका काढू लागले, पुस्तके लावू लागले. विषय असा वाढतो.

आपल्या कोल्हापूरचा धागाही याच जाळ्यात आहे. शिवाजी विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. विलास संगवे हे घुर्येंचेच विद्यार्थी. जैन समाजाचा त्यांनी केलेला सामाजिक अभ्यास १९५९ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि आजही त्या विषयावर लिहिणाऱ्याला तिथून सुरुवात करावी लागते. पुढे याच संगवेंनी राजर्षी शाहूंच्या कागदपत्रांच्या खंडांचे संपादन केले. शाहू महाराजांवर आज आपण जे ठामपणे बोलतो, त्यातले कितीतरी त्या खंडांमुळे बोलू शकतो. तेव्हा घुर्ये परंपरा म्हणजे सगळे वाईट असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि टाळ्याही मिळतात. पण ज्या माणसाने विद्यार्थ्यांना खुर्चीवरून उठवून गावात, वस्तीत, समाजात अभ्यासाला पाठवले, त्याचे ते श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

श्रेय दिल्यावर हिशोबही मागितला पाहिजे. त्याच 'कास्ट अँड रेस'मध्ये घुर्ये ब्राह्मणेतर चळवळीबद्दल लिहितात, जोतीरावांचा उल्लेख करतात, आमच्या कोल्हापूरच्या महाराजांचाही करतात. सूर असा, की जातवार प्रतिनिधित्वाने आणि राखीव जागांनी जात मरणार नाही, उलट जातभावना पोसली जाईल. मित्रांनो, हे वाक्य ओळखीचे वाटते ना? एखाद्या वर्तमानपत्राच्या संपादकीयात, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आजही हेच ऐकू येते. फरक इतकाच की १९३२ मध्ये ते समाजशास्त्राच्या पहिल्या महत्त्वाच्या ग्रंथात छापले गेले आणि त्यामुळे पुढच्या पिढ्यांना ते मत न वाटता शास्त्र वाटले. २६ जुलै १९०२ रोजी ५० टक्के जागा राखून ठेवणारा राजा या शास्त्राच्या दृष्टीने जातीयता वाढवणारा ठरला. आणि त्या राखीव जागांआधी सगळ्या खुर्च्या कोणाच्या ताब्यात होत्या, याला मात्र जातीयता हा शब्द लागला नाही.

आदिवासींबद्दल घुर्येंची मांडणी याच दिशेची. १९४३ च्या पुस्तकात ते आदिवासींना 'मागास हिंदू' ठरवतात. ज्यांच्याबद्दल लिहिले त्यांच्यापैकी कोणी त्या चर्चेत उत्तर द्यायला होते का? संघटनेचा प्रश्न इथे येतो. चुकीचे मत असणे हा अपराध नाही. चुकीच्या मताला खोडून काढणारा माणूसच खोलीत नसणे, ही खरी अडचण.

खोलीत कोण असते हे कोण ठरवते? इंग्रजी ठरवते, प्रवासभाडे ठरवते, मार्गदर्शक ठरवतो, रजा ठरवते. कुठल्याही घटनेत 'दलितांना प्रवेश नाही' असे लिहिलेले नसते. आम्ही विद्यार्थी असताना एका परिषदेत गेलो होतो. नाव सांगायचे कारण नाही, अशा अनेक असतात. रात्रभर एसटीने प्रवास करून पोचलो. आमचा निबंध शेवटच्या दिवशी, जेवणानंतरच्या सत्रात, एकाच वेळी चाललेल्या सहा खोल्यांपैकी सहाव्या खोलीत होता. वेळ १० मिनिटे होती, ती ५ झाली. समोर तीन माणसे, त्यातली दोन आपला नंबर येण्याची वाट पाहत बसलेली. सत्राध्यक्षांनी "तुमचा अनुभव फार प्रामाणिक आहे" असे म्हटले. आम्ही तीन वस्त्यांतल्या १४० कुटुंबांची माहिती तक्त्यांसह मांडली होती. तो त्यांना अनुभव वाटला. शेजारच्या सत्रात एकाने आपल्या आजोळच्या वाड्याच्या आठवणी सांगितल्या, ते सैद्धांतिक योगदान ठरले. परतताना प्रमाणपत्र मात्र मिळाले, त्यावर आमचे आडनाव चुकवलेले होते.

हा प्रसंग रडगाणे म्हणून सांगत नाही. आमची जी चूक झाली ती सांगायला सांगतो. आम्ही परत आलो आणि त्या परिषदेला चार शिव्या देऊन गप्प बसलो. निबंध कुठेही छापला नाही. तक्ते आजही एका पिवळ्या फाईलमध्ये आहेत.

बाबासाहेबांनी अशा वेळी काय केले होते? १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण वाचले, घाबरले, बदल सुचवले. बाबासाहेबांनी बदल नाकारले, परिषद रद्द झाली. त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. त्या मंडळाचे नाव आज लोकांना माहीत आहे ते केवळ त्या न झालेल्या भाषणामुळे. म्हणजे बहिष्कार झाला म्हणून बाबासाहेब घरी बसले नाहीत आणि नुसता निषेधही करत राहिले नाहीत. मजकूर छापून ठेवला. आपण यातला निषेध तेवढा घेतला, छापखाना सोडून दिला.

याआधी ५० वर्षे जोतीरावांनी दुसरा रस्ता दाखवला होता. १८८५ च्या मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांकडून आले तेव्हा त्यांनी ते पत्र लिहून नाकारले. ज्यांना माणसाचे हक्क मनापासून मान्य नाहीत, त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसायचा नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच सभेची पुढे अखिल भारतीय साहित्य संमेलनाची परंपरा झाली. पण पत्र लिहिताना जोतीरावांच्या मागे १८७३ पासूनचा सत्यशोधक समाज होता, शाळा होत्या, त्यांची स्वतःची पुस्तके होती. नकार देणाऱ्याकडे स्वतःचे घर होते. आपला नकार बहुधा उघड्यावर उभे राहून दिलेला असतो, म्हणून त्याला किंमत येत नाही.

समुद्रापलीकडे पाहू. अमेरिकन सोशिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली १९०५ मध्ये. त्याच्या सहा वर्षे आधी, १८९९ मध्ये, डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस या कृष्णवर्णीय अभ्यासकाने फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीयांचा घरोघर फिरून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला होता. अटलांटा विद्यापीठात वर्षानुवर्षे त्यांनी परिषदा भरवल्या, अहवाल काढले. पण त्या विषयाच्या 'जनकां'च्या यादीत त्यांचे नाव यायला शंभर वर्षे लागली. ई. फ्रँकलिन फ्रेझियर हे त्या संघटनेचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले १९४८ मध्ये. १९६८ मध्ये कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञांनी स्वतःचा गट उभा केला, त्यातून पुढे त्यांची वेगळी संघटना झाली, आणि मूळ संघटनेतही ते भांडत राहिले. २००६ मध्ये त्या मूळ संघटनेच्या जीवनगौरव सन्मानाला द्यु बॉइस यांचे नाव मिळाले. याच द्यु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, आपल्यालाही तसे करता येईल का याचा विचार चालला होता. आपापल्या विषयाने उंबऱ्याबाहेर ठेवलेली ही दोन माणसे एकमेकांना पत्र लिहीत होती, हे आम्हाला फार बोलके वाटते.

अमेरिकेतल्या त्या मंडळींकडून शिकायचे ते हे की आत की बाहेर असा प्रश्न त्यांनी केला नाही. आत राहून भांडले आणि बाहेर स्वतःचे घर बांधले. दोन्हीसाठी वर्गणी भरली.

आता आपल्याकडे. आज समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात बाबासाहेब आले आहेत. ते आपोआप आलेले नाहीत. दलित साहित्याने, पँथरने, नामांतराच्या लढ्याने आणि विद्यापीठात शिरलेल्या आपल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीने ते आणले. शर्मिला रेगेंसारख्या अभ्यासकांनी पुण्यातल्या विभागात फुले-आंबेडकरांना समाजशास्त्राच्या मध्यभागी आणण्यासाठी झटून काम केले, दलित स्त्रियांची आत्मकथने हा समाजशास्त्राचा पुरावा आहे असे मांडले. २०१३ मध्ये त्या अकाली गेल्या. जेएनयूतले विवेक कुमार यांनी भारतीय समाजशास्त्र कितपत समतावादी आहे, असा रोखठोक प्रश्न छापून विचारला.

पण बाबासाहेब आले कुठे, ते बघा. अनेक पाठ्यपुस्तकांत भारतीय समाजशास्त्राचे दृष्टिकोन दिलेले असतात. आधी घुर्ये, मग श्रीनिवास, मग मार्क्सवादी, आणि सगळ्यांत शेवटी 'सबाल्टर्न दृष्टिकोन' नावाचे प्रकरण. त्यात बाबासाहेब, आणि त्यांच्या जोडीला डेव्हिड हार्डिमन. हार्डिमन चांगले इतिहासकार आहेत, दक्षिण गुजरातच्या आदिवासींच्या देवी चळवळीवर त्यांनी मोलाचे लिहिले आहे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण १९१६ चा निबंध आणि १९८७ चे पुस्तक एकाच खणात का? जातीच्या अभ्यासाच्या पहिल्या प्रकरणात ज्याचे नाव हवे, तो माणूस परिशिष्टासारखा शेवटी का? सिलॅबस संपवण्याच्या घाईत जे प्रकरण हमखास राहते, ते हेच. खणांची ही मांडणी कोण करते? अभ्यास मंडळ. अभ्यास मंडळावर कोण जाते? विषयाच्या संघटनेत ज्याची उठबस आहे तो. म्हणून सदस्यत्वाच्या अर्जाचा प्रश्न त्या मुलीच्या घरखर्चापुरता नाही.

आता आपल्यातल्याच लोकांना न आवडणारे बोलतो.

घुर्येंच्या सोसायटीला १९५० च्या दशकाच्या मध्यात एक प्रतिस्पर्धी तयार झाला. उत्तरेतल्या मंडळींनी वेगळी अखिल भारतीय समाजशास्त्र परिषद भरवायला सुरुवात केली. १९५५ च्या पहिल्या परिषदेत लखनौचे डी. पी. मुखर्जी अध्यक्ष होते आणि परंपरा व सामाजिक बदल यावर त्यांनी केलेले भाषण आजही वाचले जाते. मुंबई आणि लखनौ यांच्यात मतभेद होते, मानापमान होते, विषय कसा शिकवायचा याचे भांडण होते. दोन्ही गाड्या दहा-बारा वर्षे वेगळ्या चालल्या. १९६७ मध्ये त्या एक झाल्या, कार्यालय दिल्लीला गेले, संस्थेची परिषद आणि संस्थेचे नियतकालिक एका छपराखाली आले. अ. र. देसाईंसारखा मार्क्सवादी, ज्याचे आपल्या गुरूशी विचाराने काही जमत नव्हते, तोही पुढे या संस्थेचा अध्यक्ष झाला. म्हणजे ते भांडले आणि एकत्र आले.

आपण? रिपब्लिकन पक्ष ऑक्टोबर १९५७ मध्ये स्थापन झाला आणि दोन वर्षांत फुटला. पँथर १९७२ मध्ये जन्मली आणि १९७४ मध्ये फुटली. ही राजकीय संघटनांची उदाहरणे आहेत, त्यांच्यावर दबाव वेगळे होते, हे मान्य. पण आपल्या विचारवंतांचे काय? कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांत एकाच महापुरुषाच्या नावाने चालणारी किती विचारमंचे आहेत ते मोजा. प्रत्येकाचा अध्यक्ष वेगळा, बॅनर वेगळे, वक्ता मात्र तोच. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला भरगच्च कार्यक्रम, मे महिन्यात कुलूप. हिशोबाची वही एकाच्या घरी, आणि तो रुसला की वहीही रुसते.

बाबासाहेबांच्या नियतकालिकांचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, तो पुन्हा एकदा हिशोबाच्या नजरेने वाचा. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला सुरू झाले. त्याला शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले. बाबासाहेब शिक्षणासाठी पुन्हा लंडनला गेले, महाराज १९२२ मध्ये गेले, आणि १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडले. 'बहिष्कृत भारत' १९२७ ते १९२९. अंकच्या अंक बाबासाहेबांनी एकट्याने लिहून काढले. वर्गणीदार कमी, वर्गणी थकवणारे जास्त. ज्या माणसाच्या लेखणीला तोड नव्हती, त्याचे पत्र पैशाअभावी आणि माणसांअभावी थांबले. आणि 'सोशिऑलॉजिकल बुलेटिन' १९५२ पासून आजतागायत चालू आहे. त्यातला प्रत्येक लेख 'बहिष्कृत भारता'तल्या अग्रलेखाच्या जवळपासही जाणारा नसेल. पण ते चालू आहे, ग्रंथालयात बांधून ठेवले आहे, त्याचे उद्धरण देता येते, नोकरीच्या मुलाखतीत त्यातल्या लेखाला गुण मिळतात. विचाराची ताकद आपल्याकडे होती, वर्गणीची त्यांच्याकडे होती. हा फरक कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही, तो पावतीपुस्तकात सापडतो.

"आपली वेगळी संघटना काढली तर आपणही जातीयवादी ठरू," असा आक्षेप आमच्याच एका मित्राने घेतला. त्याला आम्ही दसरा चौकात घेऊन गेलो. शाहू महाराजांच्या काळातली बोर्डिंगे पाहिलीत ना? जैन बोर्डिंग, मराठा बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहे काढणारा राजा जातीयवादी होता का? गावातून आलेल्या पोराला शहरात कोणी खोली देत नव्हते, म्हणून त्याच्यासाठी छप्पर उभारले. शाळा मात्र सगळ्यांची एक. बोर्डिंगमध्ये राहायचे आणि शिकायला बाहेर पडायचे. आपल्या अभ्यासकांच्या संघटनेचे रूप आम्हाला असे दिसते. आमचा मित्र म्हणाला, "पण त्यातली काही बोर्डिंगे पुढे नुसती जातीची मालमत्ता झाली, लग्नाचे हॉल झाले, त्याचे काय?" त्याचा मुद्दा बरोबर आहे. आमच्याकडे त्याला पुरे उत्तर नाही. सदस्यत्व जातीवर न ठेवता विषयावर आणि भूमिकेवर ठेवायचे, भटके-विमुक्त, आदिवासी, पसमांदा मुस्लिम, ओबीसी अभ्यासकांना पाहुणे म्हणून न बोलावता पहिल्या सात जणांत घ्यायचे, बायका निम्म्या ठेवायच्या, इतके सुचते. तेवढ्याने भागेल की नाही, ते दहा वर्षांनी कळेल.

पहिले सात जण म्हणालो, कारण कायदा सातच माणसे मागतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने सात माणसे, एक उद्देशपत्र आणि नियमावली एवढ्यावर संस्था होते. महाराष्ट्रात पुढे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दर वर्षी हिशोब तपासणी, पदाधिकारी बदलले की बदल अर्ज. आपल्या कितीतरी संस्था या बदल अर्जापाशी मेल्या आहेत. जुने विश्वस्त सही देत नाहीत, नवे विचारत नाहीत, दहा वर्षांनी कार्यालयाची नोटीस येते. क्रांतीच्या गोष्टी बोलणाऱ्यांना हे क्षुल्लक वाटते. आम्ही सामाजिक काम करताना हे कागद रोज हाताळतो, म्हणून सांगतो, क्षुल्लक नाही.

भाषेचेही पाहायला हवे. मराठी समाजशास्त्र परिषदेसारख्या व्यासपीठावर आपले विद्यार्थी मराठीत निबंध वाचू शकतात, हे मोलाचे आहे आणि तिथे आपण संख्येने गेले पाहिजे. पण मराठीत लिहिलेले दिल्लीला पोचत नाही आणि इंग्रजीत लिहिलेले आपल्या आईला पोचत नाही. कोणीतरी दोन्हीकडे ये-जा करायला हवी. आमच्या वर्गातल्या दोघांनी भाषांतराचे काम अंगावर घेतले आहे. एकाचे इंग्रजी कच्चे आहे, दुसऱ्याचे मराठी. दोघे मिळून एक पूर्ण माणूस होतो, असे ते स्वतःच म्हणतात.

त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येतो. तिला आम्ही सांगितले, अर्ज भर. पैसे कमी पडतील तेवढे वर्ग घालेल. ती पहिली. दर वर्षी आपल्यातल्या दोघांचे आजीव सदस्यत्व वर्गाच्या वर्गणीतून भरायचे असे ठरले आहे. ज्याचे पैसे भरले, त्याने परिषदेतल्या सर्वसाधारण सभेला बसायचे. निबंध वाचून स्थळदर्शनाला पळायचे नाही. इतिवृत्त ऐकायचे, हिशोबावर प्रश्न विचारायचा, निवडणुकीत मत द्यायचे. आपले लोक परिषदेला जातात आणि नेमक्या या सभेला नसतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि घरचे काम वेगळे. जिल्ह्यातल्या कॉलेजांत आपल्या मुलामुलींनी एम.ए.साठी, एम.फिल.साठी लिहिलेले लघुप्रबंध कपाटांत धूळ खात पडले आहेत. इचलकरंजीचे यंत्रमाग कामगार, ऊसतोडीच्या टोळ्यांतल्या बायका, गावकीचा पाणवठा, सफाई कामगारांच्या वसाहती, बौद्ध विवाह पद्धती. विषय वाचूनच छाती भरून येते. यातले काही कच्चे असतील, काही तर चक्क उतरवलेलेही असतील, ते बाजूला काढू. पण जे खरे आहेत त्यांची यादी करायची, प्रत मिळवायची, लेखकाची परवानगी घ्यायची आणि वर्षाला एक अंक काढायचा. अंकाला नाव अजून ठरलेले नाही. एक गट म्हणतो बाबासाहेबांचे नाव हवेच. दुसरा म्हणतो, नाव टाकले की दुसरे विचारमंच भांडायला येतील, साधे विषयाचे नाव ठेवा. यावर दोन बैठका गेल्या. तिसऱ्या बैठकीत नावावर बोलायला बंदी आहे.

पहिल्या अंकासाठी ११ लघुप्रबंध हाताशी आले आहेत. बारावी आमची पिवळी फाईल. तक्त्यांतली आकडेवारी जुनी झाली आहे, म्हणून त्या तीन वस्त्यांत पुन्हा जावे लागेल. या पावसाळ्यानंतर निघतो आहोत, कोणाला यायचे असेल तर वही घेऊन या.